मूल विद्यापीठात राहायला निघतंय: आधी सवयी, मग सामान

प्रवेश पक्का झाल्याचा निरोप आला की दुसऱ्याच दिवशी घरात यादी सुरू होते. आमची थोरली निघाली तेव्हा दीड महिना मी फक्त खरेदी करत होते. तिच्या खोलीवर पोचलो तेव्हा कळलं की आणलेली चादर तिथल्या गादीला पुरत नाही, इस्त्री आणि किटली खोलीत ठेवायला परवानगीच नाही, आणि कपाट इतकं अरुंद की दोन बॅगा न उघडताच परत आणाव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मशीनमधून काढलेले पांढरे कपडे गुलाबी झाले होते आणि आता काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. सामान सगळं होतं. ते वापरायचं कसं, हे दाखवायचं मात्र राहून गेलं होतं.

धाकट्याच्या वेळी क्रम उलटा केला. आधी त्याला कामं शिकवली, मग वसतिगृहाचे नियम वाचले, आणि खरेदी सर्वांत शेवटी केली, तीही निम्मी. पुढे लिहिलंय ते त्याच क्रमाने. वस्तू दोन दिवसांत विकत मिळतात, सवय लागायला आठवडे जातात. म्हणून सुरुवात सवयीपासून.

आठ आठवडे आधी: कामं त्याच्या हातात द्या

कपडे धुण्यापासून सुरुवात करा. एकदा शेजारी उभं राहून दाखवा आणि मग त्याचे कपडे पूर्णपणे त्याच्यावर सोपवा. धुवायला टाकण्याआधी प्रत्येक खिशात हात घालून बघायचा. एक कागदी रुमाल राहिला तरी सगळ्या धुण्याला पांढरे कण चिकटतात. गडद आणि फिकट कपडे वेगळे. नवा लाल किंवा निळा कपडा पहिल्या दोन-तीन धुण्यांना एकटाच. जीन्स आणि छापील टी-शर्ट उलटे करून टाकायचे. मशीन गच्च भरायचं नाही, कपड्यांच्या वर वीतभर तरी जागा मोकळी हवी, नाहीतर पाणी फिरत नाही आणि साबण कपड्यातच राहतो. धुणं झालं की लगेच बाहेर काढायचं. ओला गोळा रात्रभर मशीनमध्ये राहिला की जो कुबट वास लागतो, तो पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही.

कपड्याच्या आतल्या लेबलवरची चिन्हं वाचायला दहा मिनिटांत शिकवता येतात. टबाच्या चित्रात ३० किंवा ४० लिहिलेलं असेल तर पाणी तेवढ्या अंश सेल्सिअसपेक्षा गरम नको. टबात हात दाखवला असेल तर कपडा हातानेच धुवायचा. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच चालत नाही. चौकोनातलं वर्तुळ म्हणजे ड्रायर, त्यावर फुली असेल तर दोरीवर वाळवायचा. इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका म्हणजे कमी उष्णता, तीन म्हणजे जास्त. एक जुना शर्ट घेऊन त्याच्याकडून हे मोठ्याने वाचून घ्या.

दुसरं काम उठण्याचं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं हेच. वर्षानुवर्षं आपण हाक मारून उठवलेलं मूल पहिल्या महिन्यात सकाळचे तास बुडवतं, त्यात आळस कमी आणि सवयीचा अभाव जास्त असतो. निघायच्या आधी सलग तीन आठवडे त्याला कोणीही उठवायचं नाही. गजर त्याचा, तयारी त्याची. उशीर झाला तर तो होऊ द्या. घरी असताना झालेला उशीर स्वस्तात पडतो. झोपेचा हिशोबही सांगून ठेवा: १८ वर्षांपर्यंत रोज ८ ते १० तास, त्यानंतर ७ ते ९ तास. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाचलेलं डोक्यात टिकत नाही, कारण वाचलेलं पक्कं होण्याचं काम झोपेतच होतं.

स्वच्छतागृह घासायलाही शिकवा. शिकवताना एक गोष्ट बजावून सांगा: ब्लीच आणि आम्लयुक्त क्लीनर कधीही एकत्र करायचे नाहीत, एकापाठोपाठ एकही ओतायचे नाहीत. त्यातून क्लोरीन वायू निघतो. दार बंद असलेल्या लहानशा जागेत तो फुप्फुसांना इजा करतो. ब्लीच अमोनियायुक्त क्लीनरमध्ये मिसळलं तरीही विषारी वायूच तयार होतो. जास्त चकचकीत व्हावं म्हणून दोन बाटल्या एकत्र ओतण्याचा मोह मुलांना होतोच.

स्वयंपाकाचं फार मनावर घेऊ नका. पोट भरेल असे तीन पदार्थ स्वतःच्या हाताने, तुमच्या मदतीशिवाय, चार-पाच वेळा करून झाले की पुरे. त्यापेक्षा उरलेलं अन्न कसं सांभाळायचं हे जास्त कामाचं: शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, फ्रिजचं तापमान ५ अंशांच्या खाली, आणि पुन्हा खाताना नीट वाफ येईपर्यंत गरम. बटण लावणं, चादर बदलणं, नकाशा बघून एकट्याने अनोळखी ठिकाणी जाऊन येणं, हेही या आठवड्यांत होऊन जातं.

एक काम आपल्यालाच जड जातं. डॉक्टरांची वेळ घेणं, कार्यालयात चौकशी करणं, तक्रारीचा ईमेल लिहिणं, हे सगळं आता त्याला करू द्या. आपण शेजारी बसायचं आणि बोलायचं नाही. धाकट्याने दंतवैद्यांकडे पहिला फोन केला तेव्हा नाव सांगून तो गप्पच झाला, पलीकडून तीनदा ‘हॅलो’ ऐकू आलं. दुसऱ्या फोनच्या आधी त्याने काय विचारायचं ते कागदावर लिहून घेतलं. तिसऱ्यांदा कागद लागला नाही.

सहा आठवडे आधी: तब्येत आणि औषधांचा डबा

दात आणि डोळे तपासून घ्या. दाढ किडलेली असेल तर आत्ताच भरा, कारण दाढदुखी नेमकी परीक्षेत उफाळते. चष्मा असेल तर दोन करा आणि नंबरच्या कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवा.

लसींची नोंदवही शोधून डॉक्टरांना दाखवा. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचे दोन डोस झालेत का, धनुर्वाताचा बूस्टर कधी झाला, हिपॅटायटिस बी पूर्ण आहे का, हे तीन प्रश्न विचाराच. चौथा प्रश्न मेंदूज्वराच्या मेनिंगोकॉकल लसीचा. वसतिगृहात मुलं दाटीने राहतात, एकमेकांचे पेले आणि बाटल्या वापरतात, आणि हा जंतू घशातून, लाळेतून पसरतो. हा आजार क्वचितच होतो, पण झाला तर काही तासांत जिवावर बेततो. लसीचा परिणाम व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नका. कोणती लस द्यायची हे डॉक्टरच ठरवतील, पण विषय तुम्ही काढा.

औषधांचा डबा छोटा ठेवा आणि प्रत्येक वस्तू का दिली आहे ते समजावून द्या. डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, जखमेच्या पट्ट्या, जंतुनाशक मलम, क्रेप बँडेज, अॅलर्जीची गोळी आणि त्याची रोजची काही औषधं असतील तर ती. एवढंच.

पॅरासिटामॉलबद्दल मात्र त्याच्याशी नीट बसून बोला. मोठ्या माणसासाठी ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या, दोन वेळांमध्ये किमान ४ ते ६ तासांचं अंतर, आणि २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा, म्हणजे आठ गोळ्यांपेक्षा, जास्त कधीही नाही. अडचण अशी की सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये आणि गरम पाण्यात घालून प्यायच्या पावडरींमध्येही पॅरासिटामॉल असतं. ताप आला म्हणून एक आणि नाक वाहतंय म्हणून दुसरं, असं घेत गेलं की नकळत मात्रा दुप्पट होते आणि यकृताला इजा होते. पाकिटावरचं घटकाचं नाव वाचायची सवय लावा. अँटिबायोटिक मात्र डब्यात देऊ नका. ‘असू दे, लागेल’ म्हणून दिलेली गोळी विषाणूच्या सर्दीवर खाल्ली जाते आणि तिचा काहीही उपयोग होत नाही.

ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात, पूर्ण एकदम विरघळवायचं. अर्धं आज, अर्धं उद्या असं करायचं नाही, कारण साखर आणि क्षार यांचं प्रमाण ठरलेलं असतं. तयार केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं. भाजलं तर २० मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली धरायचं, बर्फ लावायचा नाही. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून डब्याच्या झाकणाच्या आतून चिकटवा. रात्री दोन वाजता ताप भरलेलं मूल इंटरनेटवर शोधत बसत नाही, झाकण मात्र उघडतं.

मुलीच्या सामानात पाळीसाठीच्या वस्तू दोन महिन्यांच्या द्या, पहिल्या महिन्यात दुकान शोधायची वेळ येऊ नये. आणि मुलगा असो वा मुलगी, शरीर, संमती, गर्भनिरोधन आणि दारू याबद्दल एकदा स्पष्ट बोला. हे बोलणं अवघड जातं, ठाऊक आहे मला. पण काही चुकलं तर फोन आपल्यालाच यावा असं वाटत असेल, तर तो फोन करण्याइतकी जागा आपणच आधी करून द्यावी लागते. ‘काहीही झालं तरी आधी घ्यायला येईन, प्रश्न नंतर विचारीन,’ हे वाक्य मी दोघांनाही म्हणून दाखवलं होतं.

चार आठवडे आधी: कागदपत्रं, पैसे, फोन

मूळ कागदपत्रं एका पाणी न शिरणाऱ्या फाइलमध्ये, झेरॉक्सचे तीन संच दुसऱ्या फाइलमध्ये. पासपोर्ट आकाराचे डझनभर फोटो. पहिल्या आठवड्यात ओळखपत्र, ग्रंथालय, वसतिगृह, सगळीकडे लागतात. संस्थेने मूळ प्रमाणपत्र ठेवून घेतलं तर सही-शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलायचं नाही. हे मुलाला दोनदा सांगा, कारण रांगेत मागची माणसं घाई करतात. प्रत्येक कागदाचं स्कॅन करून फाइलला समजेल असं नाव द्या. ‘दहावी गुणपत्रिका’ अशा नावाची फाइल मिनिटात सापडते, ‘स्कॅन ००१७’ सापडत नाही.

पैशांची सवय लावायला महिनाभर घरीच सराव करा. महिन्याचा खर्च त्याच्या खात्यात भरा आणि पुन्हा मागायचं नाही असं ठरवा. पहिल्या वेळी तिसऱ्या आठवड्यातच पैसे संपतात. दोष न देता दोघांनी मिळून कुठे गेले ते बघा. मग आठवड्याला ठरावीक रक्कम देऊन पाहा. बहुतेक मुलांना सुरुवातीला आठवड्याचा हिशोब जमतो, महिन्याचा जमत नाही. अडचणीसाठी परतीच्या तिकिटाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि तिला एरवी हात लावायचा नाही हे ठरवा. कार्ड दोन असतील तर एक पाकिटात, दुसरं खोलीत कुलपात. पहिल्या महिन्याचं अंदाजपत्रक नेहमीपेक्षा बरंच मोठं धरा, कारण अनामत रक्कम, पुस्तकं आणि खोलीतल्या बारीकसारीक वस्तू सगळं एकदम येतं.

नवीन विद्यार्थ्यांना फसवणारे लोक याच दिवसांत सक्रिय असतात. खोली न दाखवता आगाऊ रक्कम मागणारा, ‘फी भरायची राहिली आहे, आजच्या आज भरा’ असा लिंकसह संदेश पाठवणारा, ओटीपी विचारणारा. यांची ओळख सोपी आहे, सगळेच घाई करायला लावतात. ज्याने घाई केली त्याला पैसे द्यायचे नाहीत, आधी संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर शोधून विचारायचं.

फोन हरवला किंवा चोरीला गेला तर काय, हे आधीच ठरवा. फोनवर *#०६# दाबलं की आयएमईआय क्रमांक दिसतो, तो घरी लिहून ठेवा. ईमेल आणि बँकेच्या दुहेरी पडताळणीचे बॅकअप कोड कागदावर छापून फाइलमध्ये ठेवा, नाहीतर फोन गेला की ईमेलही उघडत नाही आणि सगळं एकदम बंद पडतं. घरातल्या दोन माणसांचे नंबर पाठ हवेत. ‘सेव्ह आहेत’ याचा फोन हरवल्यावर उपयोग नाही. निघायच्या दिवसापर्यंत मी रोज जेवताना विचारत होते, तेव्हा कुठे पाठ झाले.

तीन आठवडे आधी: खरेदीआधीचे प्रश्न

वसतिगृहाची नियमावली शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि पुढचे प्रश्न ईमेल करून विचारा. ईमेल मुलानेच लिहायचा. गादीची लांबी, रुंदी आणि जाडी किती? खोलीत टेबल, खुर्ची, दिवा, कपाट, पडदे यांपैकी काय आहे? कोणती विजेची उपकरणं चालत नाहीत? स्वच्छतागृह सामाईक आहे का? कपडे धुण्याची सोय काय? कपाटाला कुलूप आपलं लावायचं की त्यांचं? इंटरनेट वायफायने मिळतं की केबलने? आधीपासून तिथे राहणारं एखादं मूल सापडलं तर त्याला एकच प्रश्न विचारा: आणलं आणि कधीच वापरलं नाही असं काय? त्या उत्तराने आमची अर्धी यादी कापली गेली.

खोलीतल्या जोडीदाराचं नाव कळलं असेल तर त्याच्याशीही बोलून घ्या. एक केरसुणी, एक एक्स्टेंशन बोर्ड, एक आरसा पुरतो. दोन आणले तर दुसरा पलंगाखाली धूळ खातो.

खरेदी

आता बाजारात जा. एक नियम मी स्वतःला घालून घेतला होता: पहिल्या तीन रात्री ज्याच्याशिवाय निघणार नाहीत तेवढंच इथून न्यायचं, बाकीचं खोली बघून तिथेच घ्यायचं. बादली, कचऱ्याचा डबा, हँगर, साबण, वह्यांचे गठ्ठे ओढून नेऊ नका. या वस्तू सगळीकडे मिळतात.

झोपेच्या वस्तूंवर मात्र हात आखडता घेऊ नका. चादर घेताना गादीचं माप लागतं, आणि नुसती लांबी-रुंदी पुरत नाही. समजा गादी ९० सेंटिमीटर रुंद, १९० लांब आणि १५ जाड आहे. दोन्ही बाजूंना जाडी मिळून ३० सेंटिमीटर झाली आणि खाली खोचायला बाजूला १५ धरले तर आणखी ३०. म्हणजे चादर किमान १५० बाय २५० हवी. ‘सिंगल’ लिहिलेली प्रत्येक चादर एवढी नसते, पाकिटावरचा आकडा वाचा. दोन चादरी, दोन अभ्रे, उशी एक, आणि गादीवर घालायचं धुता येणारं आवरण एक. आधी तिथे कोण झोपलं होतं ठाऊक नसतं, त्यामुळे आवरण हवंच. पहिल्या दिवशी चादर घालण्याआधी फोनच्या टॉर्चने गादीच्या शिवणी तपासायच्या. काळे बारीक ठिपके दिसले तर ते ढेकणांचे असू शकतात. अशा वेळी बॅगा पलंगावर ठेवायच्या नाहीत आणि लगेच कार्यालयात कळवायचं. ढेकूण ६० अंशांच्या पाण्यात धुतल्यावर मरतात, कोमट पाण्यात मरत नाहीत.

डोळ्यांवरची पट्टी आणि फोमचे इअरप्लग, या दोन चिमुकल्या वस्तूंनी माझ्या मुलीचं पहिलं वर्ष सुसह्य केलं. तिची जोडीदारीण रात्री दोनपर्यंत दिवा लावून वाचायची. इअरप्लग बहुतेकांना नीट घालता येत नाहीत आणि मग ‘उपयोग नाही’ म्हणून फेकले जातात. बोटांत फिरवून त्याची बारीक कांडी करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, कांडी आत सरकवायची आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवायची. लगेच सोडली तर ती बाहेर सरकते. गजर मात्र अशा वेळी कंपनाचा लावून फोन उशीखाली नव्हे, उशीशेजारी ठेवायचा. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली तापतो.

कपड्यांचा हिशोब धुण्यावरून करा. आठवड्याला एकदा धुणार असेल तर आतले कपडे आणि मोजे सात अधिक तीन, म्हणजे दहा. वरचे सात-आठ, खालचे चार, एक जोड नीटनेटका, सादरीकरणासाठी किंवा मुलाखतीसाठी. हवामान वेगळं असेल तर जाड कपडे तिथे पोचल्यावर घ्या, तिथल्या दुकानांत तिथल्या थंडीचे कपडे असतात. बूट नवे असतील तर निघायच्या दोन आठवडे आधीपासून घालायला लावा. पहिल्या आठवड्यात मुलं खूप चालतात आणि टाचेला फोड घेऊन फिरतात. टॉवेल दोन, पातळ. जाड मऊ टॉवेल बंद खोलीत वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी वास मारतो. पाच मीटर नायलॉनची दोरी आणि दोन डझन चिमटे द्या. सामाईक न्हाणीघर असेल तर रबरी चपला आणि साबण-टूथब्रश ठेवायची जाळीची पिशवी.

लॅपटॉपवर सर्वाधिक खर्च होतो आणि तो बहुधा सगळ्यांत आधी केला जातो. तो शेवटी करा. विभागाने सांगितलेली आवश्यकता आल्याशिवाय लॅपटॉप घेऊ नका. अभियांत्रिकी आणि वास्तुरचनेतली काही सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात, आणि भाषा किंवा इतिहास शिकणाऱ्या मुलाला महागड्या ग्राफिक्स कार्डची गरज नसते. सामान्य वापराला १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी चार वर्षं पुरावी. रॅम आधीच पुरेशी घ्या, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावर कायमची बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. वजन दीड किलोच्या आसपास असू द्या. तो रोज पाठीवर असणार आहे. पडणं आणि पाणी सांडणं यांचं संरक्षण देणारी वाढीव वॉरंटी मी एरवी घेत नाही, इथे घेतली. विद्यार्थी सवलत मिळते का ते विचारा. आणि घेतल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत रोज वापरून बघा: सगळ्या कळा, कॅमेरा, माइक, बॅटरी.

लॅपटॉपबरोबर एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि ३-२-१ चा नियम शिकवा: कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. लॅपटॉपवर एक, हार्ड डिस्कवर एक, क्लाउडवर एक. हार्ड डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवली तर बॅग गेली की दोन्ही जातात, म्हणून ती खोलीत, कुलपात.

विजेचं सामान हा धोक्याचा भाग आहे. एक्स्टेंशन बोर्डावर अँपिअरचा आकडा छापलेला असतो. जिथे वीज २३० व्होल्टची आहे तिथे ६ अँपिअरचा बोर्ड साधारण १३८० वॅट सोसतो. पाणी उकळायची किटली एकटीच १५०० वॅट किंवा जास्त घेते, हीटरही तसाच. म्हणजे दिवा, लॅपटॉप आणि फोन एका बोर्डावर चालतील, किटली आणि हीटर चालणार नाहीत. त्यांना भिंतीतलं जास्त क्षमतेचं सॉकेट हवं, आणि तेही नियमात बसत असेल तरच. बोर्डाला बोर्ड जोडायचा नाही. देश बदलत असेल तर चार्जरवर ‘१००–२४०’ लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर फक्त पिनचा अॅडॉप्टर लागतो. हेअर ड्रायरसारख्या वस्तूंवर बहुधा एकच व्होल्टेज असतं, त्या नेऊ नका.

कुलपं दोन, चांगल्या प्रतीची. किल्लीचं असेल तर दुसरी किल्ली त्याच खोलीत ठेवून उपयोग नाही, ती घरी ठेवा.

पाठ्यपुस्तकं आधी घेऊ नका. पहिल्या आठवड्यात शिक्षक कोणतं खरंच वापरणार ते सांगतात, ग्रंथालयात किती प्रती आहेत ते कळतं, आणि वरच्या वर्गातली मुलं जुनी विकत असतात.

सामान भरताना

बॅगा भरायचं काम मुलाचं. आपण भरली तर तिथे वस्तू सापडत नाही आणि पुन्हा फोन आपल्यालाच येतो. जड वस्तू चाकांच्या बाजूला, म्हणजे उभी केल्यावर बॅग तोंडावर पडत नाही. हवा काढून दाबायच्या पिशव्यांनी जागा वाचते, वजन तेवढंच राहतं; विमानाने जाणार असाल तर हे विसरू नका, एका बॅगेला २३ किलोची मर्यादा बऱ्याच ठिकाणी असते. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्यायची, सामानात टाकायला परवानगी नाही. १०० वॅट-अवरपर्यंतची साधारणपणे चालते. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशोबाने ७४ वॅट-अवर होते.

एक छोटी पिशवी वेगळी भरा, पहिल्या रात्रीची. चादर, अभ्रा, टॉवेल, रात्रीचे कपडे, टूथब्रश, चार्जर, औषधांचा डबा, कुलूप, पाण्याची बाटली. मोठ्या बॅगा उशिरा पोचल्या, हरवल्या किंवा मूल इतकं दमलं की उघडाव्याशा वाटेनात, तरी रात्र निघून जाते.

पोचल्यावर

खोलीत शिरल्याबरोबर, सामान लावायच्या आधी, भिंती, पलंग, कपाट, खिडकी, नळ यांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी कार्यालयाला ईमेलने पाठवा. आधीच मोडलेल्या कडीचे पैसे वर्षाखेरीला अनामत रकमेतून कापले जाऊ नयेत, एवढ्यासाठी. आग लागल्यावर बाहेर पडायचा रस्ता दोघांनी चालून बघा. जवळचा दवाखाना, औषधाचं दुकान आणि रात्री मदत मिळणारा नंबर शोधून ठेवा.

मग लवकर निघा. पलंग लावून द्यायचा, कपाट भरून द्यायचं, संध्याकाळी जेवूनच जायचं, असं मी थोरलीच्या वेळी केलं आणि मजल्यावरच्या सगळ्या मुली एकत्र जेवायला गेल्या तेव्हा ती माझ्याबरोबर होती. पहिल्या संध्याकाळी झालेल्या ओळखी पुढे बरेच दिवस आधार देतात. धाकट्याच्या वेळी दुपारी दोनला निघाले. रस्त्यात रडले, पण निघाले.

फोन किती वेळा करायचा हे निघण्याआधी दोघांनी ठरवा. आम्ही आठवड्यातून दोन ठरलेले फोन आणि मध्ये हवे तेवढे संदेश असं ठेवलं. पहिले काही आठवडे घरची आठवण येणं अगदी साहजिक आहे. रडका फोन आला तर लगेच गाडी काढू नका, ऐकून घ्या, आज काय खाल्लं आणि कोणाशी बोलला ते विचारा. मात्र झोप, खाणं आणि वर्गाला जाणं ही तिन्ही दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली दिसली तर थांबू नका, विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राशी किंवा डॉक्टरांशी गाठ घालून द्या. जगण्यात अर्थ नाही अशा स्वरूपाचं काही बोलला तर त्याच क्षणी तिथल्या माणसाला त्याच्याजवळ पाठवा, फोन चालू ठेवा आणि स्वतः निघा.

पहिल्या सुट्टीला घरी येताना रिकामी बॅग भरून आणायला सांगा: तोपर्यंत ज्या वस्तूला हात लागला नाही ती प्रत्येक वस्तू. मोठ्या मेजावर मांडून दोघं मिळून बघा आणि काय कमी पडलं तेही लिहून घ्या. आमच्या मेजावर तेव्हा सात टी-शर्ट, न उघडलेला शिवणाचा डबा आणि दोन जाड टॉवेल होते. कमी पडलेल्यांच्या यादीत त्याने एकच गोष्ट लिहिली होती, आणखी एक डझन चिमटे.